तेलाने विझलेला दिवा

"दिव्याला परका हात लागू द्यायचा नाही, गोदे. तेल तू घालायचंस, वात तू पुढे सारायचीस. आणि मधल्या दाराची कडी दिवसासुद्धा काढायची नाही."

सासूबाई वैशाखात गेल्या. पण आषाढी एकादशीला गोदूबाई नंदादीप लावायला बसली, तेव्हा हे शब्द असे कानाशी आले की तिने मागे वळून पाहिले. माजघरात कुणी नव्हते. तिने पदर सावरला, बाळकृष्णापुढच्या पसरट पितळी दिव्यात तिळाचे तेल घातले, वात काठाशी आणली आणि हात जोडले. आता हा दिवा कार्तिकी एकादशीपर्यंत रात्रंदिवस तेवता ठेवायचा. त्या घरची ती रीत होती.

कल्याणात शेणाळे तळ्याच्या अंगाला हे घर होते. लहानसेच, पण पुढचा सोपा बिऱ्हाडाला देता येईल असे. गोदूबाईचे यजमान तरुणपणीच गेले. त्यानंतर सासू आणि सून, दोघीच जणी पूजाअर्चा, उपासतापास यांत दिवस काढीत आल्या. धाकटे दीर ठाण्याच्या कचेरीत होते. त्यांची बायको एकदा श्राद्धाला आली, आणि "किती काळं पडलंय हो, घासून पाठवते" म्हणून देवाचे चांदीचे निरांजन घेऊन गेली. ते निरांजन अजून घासले जात होते. तेव्हापासून सासूबाईंनी किल्ल्या कनवटीला लावल्या आणि मधल्या दाराला कडी घातली. त्या गेल्या आणि किल्ल्याही गोदूबाईच्या कनवटीला आल्या, कडीही तिच्या वाट्याला आली.

एक गोष्ट मात्र सासूबाई सांगून गेल्या नव्हत्या. गोदूबाईला अजून चाळिशी लागायची होती. महिन्याचे चार दिवस ती बाहेर बसे, तेव्हा दिवा सासूबाई बघत. आता कोण बघणार? दिव्यात तेल घालताना रोज तिला तेच आठवे आणि पळीभर तेल बाहेर सांडे. महादेवाच्या देवळातली रखमाबाई गुरवीण जुनी शेजारीण, मायेची. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ती तेल दिव्यात घालायची की बाळकृष्णाच्या डोक्यावर, हे देवच जाणे. जावेला बोलवावे, तर उरलेली समईही घासायला जायची.

राहता राहिली पुढच्या सोप्यातली सुमती.

सुमती ज्येष्ठात राहायला आली होती. नवरा गुरुदत्त स्टेशनावर मालधक्क्याला कारकून. तिचे माहेर ठाण्याजवळ कोपरीला. आई लहानपणीच गेलेली, वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, एकट्याने वाढवलेली पोर. विशी जेमतेम ओलांडलेली, पोटुशी, आणि हसायला लागली की तळ्यापलीकडे ऐकू जाई. आल्या दिवसापासून ती मधल्या दारावर थाप मारी. "गोदूताई, विरजण आहे का हो?" गोदूबाई विरजण देई. पण कडी न काढता, परड्यातून वळसा घालून, वाटी ओट्याच्या कडेला ठेवून येई. सुमती वाटी उचलून म्हणे, "दार असून माणसं वळसा घालतात, असं मी कल्याणातच पाहिलं." गोदूबाई ऐकून न ऐकल्यासारखे करी.

एकादशीला आठवडा झाला नाही तोच, पहाटे विहिरीवर पोहरा ओढता ओढता गोदूबाईला कावळा शिवला.

ती तशीच मागच्या पडवीत जाऊन बसली. जवळ घोंगडी आणि तांब्या. पडवीतून स्वयंपाकघराचा उंबरा तेवढा दिसे, देवघर दिसत नसे. दिव्यात दुपारपर्यंत पुरेल इतके तेल होते. पुढे काय? तिने नाम घ्यायला सुरुवात केली. पण दर नामामागे तेलाची एक रेघ खाली चालली आहे असे तिला वाटू लागले. उन्हे परड्यात आली तेव्हा तिचा धीर सुटला.

"अहो... बिऱ्हाडकरीणबाई!"

पुढच्या सोप्यातली भांडी वाजायची थांबली. ओल्या हातांनी सुमती परड्यातून धावत आली.

"मला हाक मारलीत? तुम्ही?" मग तिचे लक्ष घोंगडीकडे गेले. "अगंबाई! म्हणजे दिवा..."

"आंघोळ झाली का तुमची?"

"झाली. पण मला 'अहो' म्हणू नका, उगीच वय झाल्यासारखं वाटतं."

"मग पुन्हा दोन तांबे अंगावर घे. दांडीवर माझा सोवळ्याचा मुकटा आहे, काठीनं काढ, तो नेस. स्वयंपाकघरातून देवघरात जा. तेलाची बुधली कोनाड्यात आहे. पळीभर घाल आणि बाहेर ये. डाव्या हाताला संदूक आहे, तिकडे जायचं कारण नाही."

"का? चावते का संदूक?"

गोदूबाईला हसू आले नाही. सुमती मुकटा नेसून आत गेली. गोदूबाई कान लावून बसली. पायरव, बुधलीचे बूच, मग शांतता. ही शांतता जरा जास्तच झाली असे तिला वाटले.

"काय करतेस गं?"

"बाळकृष्णाकडे बघतेय. आमच्या घरच्यापेक्षा गालांनी भरलेला आहे."

"तेल घातलंस?"

"घातलं."

"पळीभर?"

"पळीभर."

असा तो दिवस गेला. गोदूबाईने कितीदा हाक मारली, याला गणती नव्हती. दिसत नाही म्हटले की माणसाला नाही नाही ते दिसते. ढग आला की तिला वाटे, देवघरात अंधार झाला. मांजर ओरडले की वाटे, दिवा कलंडला. "सुमती, बघून ये गं." "आहे हो तेवत." "तेल?" "आहे." "असू दे, थोडं घाल." दुसऱ्या दिवशीही तेच. सुमती एकदा उंबऱ्याशी उभी राहून म्हणाली, "गोदूताई, दिव्याला अजीर्ण होईल आता."

"देवाच्या कामात थट्टा नको. घाल."

दुपार कलली आणि सुमती पडवीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. हातात पळी तशीच. तोंडावरचे हसू पुसून टाकल्यासारखे.

"दिवा विझला, गोदूताई."

त्या घरात दिवा 'विझला' असे कुणी कधी म्हटले नव्हते, 'शांत झाला' म्हणायची पद्धत होती. शब्दही अभद्र आणि गोष्टही.

"तेल काठोकाठ झालं होतं," सुमती सांगू लागली. "मला दिसत होतं, जास्त होतंय. पण तुमच्या मनात यायला नको, की बिऱ्हाडकरीण हात आखडते. म्हणून आणखी घातलं. वात सरकली आणि तेलात बुडाली."

"मग... पुन्हा लावलास?"

"नाही." सुमतीने खाली पाहिले. "आगपेटी आहे आमच्याकडे. खोटं कशाला बोलू, हात गेला होता तिच्याकडे. तुम्हाला इथून काही कळलं नसतं. पण परवा तुम्ही न्हाऊन याल, हात जोडाल. ते दिव्याला नसते जोडले गेले, माझ्या लबाडीला जोडले गेले असते. पोटात हे असताना एवढं पाप नको मला. आता काय बोलायचं ते बोला."

गोदूबाईला बोलायचे पुष्कळ होते. सासूबाईंचा शब्द मोडला, घराची रीत मोडली, व्रत पहिल्याच महिन्यात भंगले. डोळ्यांत पाणी आले. पण त्या पाण्यातून तिला समोर उभी असलेली पोर दिसत होती. मुकट्याचा ओचा तेलाने माखलेला, एक हात पोटावर, पळून जाण्याचा विचारही नाही. निरांजन नेणारी हसत हसत गेली होती. वाईट बातमी आपल्या पायांनी घेऊन येणारे माणूस गोदूबाईने इतक्या वर्षांत पाहिले नव्हते.

आणि "घाल, घाल" म्हणून पडवीतून ओरडत कोण होते?

तेवढ्यात परड्याच्या फाटकाशी खोकल्याचा आवाज आला. रखमाबाई रोजची फुलांची परडी घेऊन, काठीने वाट चाचपत येत होती.

"काय गो, सगलं गप गप का? कुनी गेलं की काय?"

"दिवा शांत झाला, रखमाबाई," गोदूबाई कशीबशी म्हणाली.

"मंग लावा की."

"लावा काय? नंदादीप तो. सासूबाईंच्या हातून इतक्या वर्षांत एकदा..."

"दोनदा," रखमाबाई म्हणाली आणि परडी ठेवून पायरीवर टेकली.

"काय दोनदा?"

"तुज्या सासूचा दिवा. एकदा मांजरानं लवंडला आनि एकदा तिला डुलकी लागली. दोन्ही येलेला माज्या दारात आली, पदराखाली निरांजन घेऊन. देवलातल्या समयेवरनं वात पेटवून नेली. मला म्हनाली, रखमे, गोदीला बोलू नको गो, पोर धसका घेल. आता ती नाय, म्हनून बोलते."

गोदूबाई घोंगडीवरून पुढे सरकली. "मग मला का सांगून गेल्या, परका हात लागू देऊ नको म्हणून?"

"परक्याला कललं तर गावात होईल ना! भित्री होती तुजी सासू. मायेची, पन भित्री." रखमाबाई दात नसलेले तोंड उघडून हसली. "अगो, दिवा कुनाचा विझत नाय? महादेवाफुडचा दिवा तेवढा विझलेला दिसत नाय कुनाला. का? तर एकाच्या हातनं ग्येला की लावायला आमी घरातली चार मानसं हाओत. तू एकटी बसलीस कडी लावून, मंग तुजा दिवा कोन राखनार?" मग तिने सुमतीच्या चाहुलीकडे तोंड वळवले. "आनि ही तर देवानं बघून धाडलीया. हिला आता बालंत व्हईस्तवर कावला शिवायचा नाय. तुज्या व्रताला हिच्यावानी दुसरं मानूस गावायचं नाय."

सुमतीला हसू आवरेना. पळी तोंडाशी धरून ती हसली, आणि मुकट्यावर आणखी तेल सांडले. गोदूबाई रागवायला गेली, पण तिच्याही ओठांचे कोपरे हलले. सासूबाई, एवढ्या करड्या सासूबाई, पदराखाली निरांजन लपवून तळ्याच्या कडेने चालल्या आहेत, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

"सुमती," ती म्हणाली, "रखमाबाईंच्या संगती जा आणि देवळातून वात पेटवून आण. हळू जा. आणि येताना चिखलातून परड्याला वळसा नको, घसरशील. आत जा आधी, मधल्या दाराची कडी काढून ठेव."

कडी निघेना. गंजून घट्ट बसली होती. शेवटी सुमतीने वरवंट्याने खालून ठोकली. ते ठोके पडवीत बसून गोदूबाईने ऐकले, आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला लोखंड सुटल्याचा आवाज आला तेव्हा तिचा श्वासही मोकळा झाला.

चौथ्या दिवशी न्हाऊन ती देवघरात गेली. दिव्यात तेल काठाखाली बोटभर, वात कळीसारखी. तिने साष्टांग नमस्कार घातला, देवाकडे चुकीची क्षमा मागितली आणि एक उपास वाढवून घेतला. संदुकीकडे पाहायचे तिला संध्याकाळी आठवले, आणि आठवले तसे आपले आपल्यालाच हसू आले.

पुढचे दोन महिने मधले दार बंद राहिले नाही. सुमतीला आंबट खायचे डोहाळे, म्हणून लोणच्याची बरणी त्या दारातून गेली. गुरुदत्तांचा सदरा बटणांसाठी त्या दारातून आला. गोदूबाई पोथी वाचू लागली की सुमती उंबऱ्याला टेकून ऐके, आणि मधेच विचारी, "पण गोदूताई, त्या राणीनं त्याला सरळ विचारलं का नाही?" गोदूबाई पान उलटी. खरेच, सरळ विचारले असते तर अर्धी पोथी कमी झाली असती.

गोदूबाईच्या चार दिवसांत सुमती दिवा बघे. पडवीतून हाका मारायचे गोदूबाईने सोडले. अगदीच राहवले नाही तर ती विचारी, "सुमती, जेवलीस का गं?" आणि आतून उत्तर येई, "जेवले. दिवाही जेवला."

आठव्या महिन्यात हलवू नये म्हणून अण्णा थांबले आणि नववा लागताच लेकीला न्यायला आले. बैलगाडी दारात उभी होती. सुमती मधल्या दारातून आत आली, देवाला नमस्कार केला आणि गोदूबाईपुढे उभी राहिली.

"गोदूताई, माझ्या बाळंतपणाला याल?"

"मी?" गोदूबाईने डोक्यावरचा अलवणाचा पदर ओढून घेतला. "बाळंतिणीच्या खोलीत माझ्यासारखीनं यायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक येणार आहेत का शेक-शेगडी करायला? सुईण अण्णा आणतील. पण उशाशी कोण बसेल माझ्या? आईचं तोंडसुद्धा मला नीटसं आठवत नाही." मग दिव्याकडे पाहून हळूच म्हणाली, "दिव्याची अडचण आहे, ते कळतं मला. नाही जमलं तरी मी रागावणार नाही."

ती रागावणार नाही, याचेच गोदूबाईला वाईट वाटले.

"निरोप धाड. येईन मी."

शब्द देऊन झाला. गाडी वळणाआड गेली आणि मग गोदूबाईला घाम फुटला. चातुर्मासात घर सोडायचे. बाळंतिणीला शिवायचे म्हणजे दहा-बारा दिवस सोवळे कुठले? आणि या दिवसांत दिव्यापाशी ती तर नाहीच, सुमतीही नाही. बाहेर बसायची तेव्हा निदान पडवीत तरी असायची. आता तिच्यात आणि दिव्यात अख्खी खाडी असणार होती.

कोजागिरी झाली आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी गुरुदत्त स्टेशनावरून धावतपळत आले. मधल्या दारात थबकले, कारण बायको नसताना ते दार ओलांडायचा त्यांना धीर नव्हता.

"गोदूबाई, ठाण्याहून गाडीच्या गार्डाबरोबर अण्णांचा निरोप आलाय. पहाटेपासून पोटात दुखतंय म्हणे."

गोदूबाईच्या हातात तेलाची पळी होती. ती तिने खाली ठेवली. "तुम्ही निघणार ना?"

"मी जाऊन काय करणार? अण्णांच्या जोडीनं ओटीवर फेऱ्या घालणार." त्यांनी कपाळ पुसले. "तिनं मला बजावून ठेवलंय. निरोप आला की गोदूताईंना सांगायचं, आणि त्या तयार असल्या तर दिवा मी बघायचा. धक्का इथून लांब नाही, सकाळी, दुपारी, संध्याकाळी येऊन जाईन. सोवळ्यात काय नेसायचं, तेसुद्धा तिनं शिकवलंय. आणि बाळ झाल्याचं सुयेर लागलं की रखमाबाईंच्या घरच्या कुणाला तरी तेल घालायला बोलवीन. पण मला चूल पेटवता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा तुमचा विश्वास बसत नसेल तर..."

गोदूबाईने त्यांच्याकडे पाहिले. धांदरट माणूस. परवाच यांनी दुधाचे भांडे पालथे घातले होते, आणि मग येऊन स्वतःच सांगितले होते.

"आत या," ती म्हणाली.

तिने त्यांना बुधली दाखवली, पळी दाखवली. "तेल काठाखाली बोटभर राहू द्या. जास्त घातलंत तर वात बुडते. हे मी अनुभवानं सांगते."

"आणि विझ... शांत झाला तर?"

"तर घाबरू नका. रखमाबाईंकडे जा, देवळातून वात पेटवून आणा. आणि मी आले की मला सांगा. एवढंच."

मग तिने संदूक उघडली. डिंक, बाळंतशोपा, वावडिंग, सुंठ यांच्या पुरचुंड्या काढल्या. तळाशी सासूबाईंचे धुऊन धुऊन मऊ झालेले लुगडे होते. दुपट्यांना त्याच्यासारखे दुसरे काय? तेही गाठोड्यात घेतले. झाकण लावले, कुलूप तसेच लोंबकळत ठेवले आणि कनवटीच्या किल्ल्या कोनाड्यात बुधलीशेजारी ठेवल्या. गुरुदत्त "अहो, किल्ल्या राहू द्या तुमच्याकडेच" म्हणाले. ती म्हणाली, "बाळंतिणीजवळ लोखंड वाजवत कुठं फिरू?"

गुरुदत्त आंघोळीला गेले. गोदूबाई देवापुढे वाकली. दिवा नीट तेवत होता. क्षणभर तिला वाटले, कानाशी तो जुना आवाज पुन्हा येणार, आणि तो आलाही.

"जाऊन येते हो, सासूबाई," ती पुटपुटली. "लक्ष असू द्या. आणि वेळ आलीच, तर रखमाबाईचं घर तुम्हाला माहीत आहेच."

गाठोडे काखेत मारून ती मधल्या दाराने पुढच्या सोप्यात आली आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. एरवी सकाळच्या वेळी ती मागच्या बोळाने जाई, कामाला निघालेल्या कुणाला आपले दर्शन नको म्हणून. आज तिने बोळाकडे पाहिले नाही. तळ्यावर ऊन पसरले होते. देवळाच्या पायरीवर रखमाबाई फुले निवडत बसली होती. पावलांवरून ओळखून तिने हात वर केला. गोदूबाईनेही केला, आणि तळ्याला वळसा घालून ती रस्त्याच्या मधून स्टेशनाकडे चालू लागली.